पाचरी काढायचा दिवस

पूल कोणी बांधला म्हटलं की लोक राजाचं नाव सांगतात. जरा शिकलेला माणूस असला तर इंजिनिअरचं सांगतो, आणि फारच खोलात शिरणारा असला तर गवंड्यापर्यंत येऊन थांबतो. पण दगडाची कमान काही हवेत रचता येत नाही. आधी तिच्या पोटाच्या मापाची लाकडी कमान खाली उभी करावी लागते. तिच्या पाठीवर दोन्ही बाजूंनी दगड चढवत आणायचे, मधोमध कळीचा दगड ठोकून बसवायचा, आणि चुन्यानं नीट धरलं की खालचं सगळं लाकूड काढून घ्यायचं. ते लाकूड कुणी उभं केलं होतं, हे दुसऱ्या दिवशी कुणी विचारत नाही.

टेकू मिस्त्री हा ते लाकूड उभं करणारा सुतार. आईबापांनी ठेवलेलं नाव वेगळं होतं, पण ते आठवायला त्याच्या सुनेलासुद्धा डोकं खाजवावं लागायचं. बाप हेच करायचा, आजा हेच करायचा. टेकूला तर असं वळण लागलं होतं की कुणाकडे गेला की आधी आढ्याकडे बघायचा, मग आढं कशावर टेकलंय ते बघायचा, आणि मगच यजमानाकडे. एकदा एका लग्नात मांडवाचा एक खांब त्याच्या मनाला पटेना, तर फोटो काढून होईपर्यंत हा तो खांब धरून उभा. फोटोत नवरा, नवरी आणि टेकू मिस्त्री. नवऱ्याकडच्यांना वाटलं नवरीचा मामा, नवरीकडच्यांना वाटलं नवऱ्याचा काका. दोन्हीकडून त्याला जेवायचा आग्रह झाला, आणि त्यानं दोन्हीकडे जेवून घेतलं.

त्याचा जन्माचा जोडीदार म्हणजे नदीपलीकडे राहणारा गवंडी. हा ताठ चालायचा, ताठ बोलायचा, म्हणून भिंत सरळ आहे का ते बघायच्या दोरीच्या वजनावरून त्याला सगळे ओळंबा म्हणत. टेकूनं खाली लाकूड धरायचं आणि ओळंब्यानं वर दगड बसवायचा, अशा दोघांनी मिळून कितीतरी कमानी उभ्या केल्या. पुढे टेकूच्या मुलाला ओळंब्यानं आपली मुलगी दिली, आणि दोघे एकमेकांचे व्याही झाले. त्यानंतर दोघांनी एकमेकांना नावानं हाक मारणं सोडलं. भर उन्हात घमेली उचलतानासुद्धा "व्याहीबुवा, जरा सरका" असं चालायचं, आणि मजूर तोंडाला रुमाल लावून हसायचे.

ओळंब्याच्या घरातली एक भिंत चित्रांनी भरलेली होती. जुन्या मासिकांतून, कॅलेंडरांतून कापलेली जगभरातली बांधकामं. वाळवंटातले पिरॅमिड, डोंगरांच्या पाठीवरून सापासारखी गेलेली भिंत, कमानींवर कमानी चढवून शहरात पाणी आणणारे जुने पाटपूल, जहाजं पायऱ्या चढतात असा कालवा, समुद्राच्या तळाखालून काढलेला बोगदा. ओळंबा एकेका चित्राबद्दल असा बोलायचा, जणू तिथं तो स्वतः थापी घेऊन हजर होता. टेकूचा प्रश्न मात्र ठरलेला असे: बांधताना ह्याच्याखाली काय होतं?

पिरॅमिडच्या चित्रापुढे उभा राहून तो म्हणाला होता की ह्याला टेकू लागलाच नसणार, हा नुसता ढीग आहे, असा ढीग माझी सूनसुद्धा सरपणाचा रचते. ओळंब्याला ते इतकं झोंबलं की त्यानं चहा दिला नाही. साडेचार हजार वर्षं उभ्या असलेल्या ढिगाची बाजू घेऊन तो दिवसभर तणतणत होता.

आणि एकदा टीव्हीवर चंद्रावर गेलेल्या यानाचा जुना चित्रपट दाखवत होते. त्या उंच अग्निबाणाला शेजारच्या लोखंडी मनोऱ्यानं हात पसरून धरलेलं होतं. खाली जाळ झाला, मनोऱ्याचे हात एकेक करून मागे झाले आणि अग्निबाण वर सुटला. घरातले सगळे वर बघत होते. टेकू खाली बघत होता.

"मनोरा राहिला बघा," तो म्हणाला. "इतका वेळ ज्यानं धरलं, तो तिथंच धुरात."

"मग काय त्यालाही चंद्रावर न्यायचा होता?" ओळंबा म्हणाला.

घर हसलं, टेकूही हसला. पण मनोऱ्यानं हात मागे घेतले ती वेळ बरोबर कशी साधली असेल, हा विचार त्याच्या डोक्यात कितीतरी दिवस घोळत राहिला. कारण टेकूच्या धंद्यातली खरी मेख तीच. लाकूड उभं कुणीही करील. ते काढायचं कधी, हे कळलं पाहिजे.

लाकडी कमान ज्या खांबांवर बसते, त्या खांबांच्या डोक्याशी लाकडी पाचरी मारलेल्या असतात. त्या एकदम काढत नाहीत. एकेक पाचर घणानं थोडी ढिली करायची, मग थांबायचं, दगडाला कान लावायचा. कमान बसताना आतून हुंकार देते, अवघडलेला माणूस कूस बदलताना देतो तसा. तो ऐकायचा आणि मग पुढची पाचर. पाचरी काढायच्या दिवशी ह्या लोकांची एक रीत होती. शेवटची पाचर निघेपर्यंत सुताराच्या घरचा एक माणूस कमानीखाली उभा राहायचा, आणि गवंड्याच्या घरचा एक माणूस वर कळीच्या दगडावर बसायचा. ज्यानं बांधलं त्यानं जीव तिथं ठेवायचा, इतका साधा हिशोब.

टेकूच्या मुलाचं लग्न होऊन वर्ष झालं असेल नसेल, तेव्हाची गोष्ट. धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका ओढ्यावर कमान बांधली होती. हवा गार होती, दमट होती, चुना वाळायला वेळ घेत होता. ठेकेदार घाई करत होता. टेकूनं चुन्यात नख रुतवून पाहिलं, जरा विचार केला आणि म्हणाला, काढा. मुलगा हसत हसत खाली जाऊन उभा राहिला. ओळंबा वर बसला. अर्ध्या पाचरी निघाल्या आणि कमान हुंकारलीच नाही, सरळ फुटली.

ओळंबा दगडांबरोबर खाली आला, एक पाय कायमचा वाकडा घेऊन उठला. मुलगा उठला नाही.

त्यानंतर चूक कुणाची, हे दोघांपैकी एकानंही कधी बोलून दाखवलं नाही. टेकू मनात म्हणे, मी घाई केली. ओळंबा मनात म्हणे, माझाच कुठला दगड कच्चा घडला गेला. आणि दोघंही मनाच्या अगदी तळाशी, जिथं आपलं आपल्यालाही ऐकू येत नाही तिथं, दुसऱ्याचं नाव घेत. सून सासऱ्याकडेच राहिली. बाप न्यायला आला तेव्हा ती म्हणाली, मामंजींना कोण आहे? ओळंबा लंगडत परत गेला. पुढे तो आपल्या पायाची थट्टा स्वतःच करायला लागला. ओळंबा वाऱ्यानं हलतोय, थांबला की सांगतो भिंत सरळ आहे का ते, असं म्हणून लोकांना हसवायचा. टेकू तेवढा हसायचा नाही.

मग दगडी कमानींचे दिवसच संपले. सिमेंट आलं, लोखंडी सळ्या आल्या, भाड्यानं मिळणारे लोखंडी टेकू आले. मिस्त्री शाळांची बाकं आणि दवाखान्याच्या खाटा करायला लागला. त्याच्या खाटा कधी मोडल्या नाहीत. त्यांवर झोपलेली माणसं मेली, खाटा शाबूत.

गावाच्या मधून वाहणाऱ्या नदीवर एक थोरला पूल होता. किती शतकांपूर्वीचा, कुणालाच धड सांगता यायचं नाही. कमानीमागून कमान अशी ओळ, आणि सगळ्या एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून उभ्या. महापूर बघून झाले, लढाया बघून झाल्या, त्याच्यावरून हत्तीपासून रणगाड्यापर्यंत सगळं गेलं, आणि पूल जागचा हलला नाही. शेवटी एक अवजड यंत्र लादलेली लॉरी मधल्या कमानीवर अडकून पडली आणि त्या कमानीचे दगड खचले. पूल बंद झाला. बांधकाम खात्यातल्या इंजिनिअरबाईंनी हट्ट धरला की ही कमान होती तशीच, दगडाची आणि चुन्याचीच बांधायची. त्या चौकशी करत करत टेकूच्या दारात आल्या.

टेकूनं सरळ नाही म्हटलं. हात थरथरतात, डोळ्यांना कमी दिसतं, माणसं मिळत नाहीत, जेवढी कारणं सुचली तेवढी सांगितली. बाई चहा पिऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी ओळंबा नावेतून नदी ओलांडून आला आणि ओट्यावर बसून धापा टाकत राहिला.

"व्याहीबुवा," तो म्हणाला, "एक कमान उभी राहिलेली बघू द्या. पडलेली बघून मरायचं नाही मला."

टेकूनं आतून करवत काढली आणि तिला तेल लावायला बसला.

खचलेले दगड उतरवले, तेव्हा दोन्ही बाजूंच्या दगडी खांबांवर, कमान जिथून सुरू होते तिथं, दगडांत चौकोनी खोबण्या दिसल्या. पारव्यांनी त्यांत घरटी केली होती. बाईंना वाटलं पाणी जाण्यासाठी असतील. बाकीच्यांना काहीच वाटलं नाही. टेकूनं शिडीवर चढून एका खोबणीत हात घातला आणि खांद्यापर्यंत आत गेलेला हात तसाच ठेवून बराच वेळ उभा राहिला. ज्यांनी हा पूल पहिल्यांदा बांधला, त्यांच्या सुतारानं आपल्या तुळया इथं टेकवल्या होत्या. त्या माणसाचं नाव नाही, लाकूड नाही, काही नाही. ही एवढी भोकं उरली होती. टेकूनं पारव्यांची पिल्लं अलगद उचलून बाजूच्या कमानीत ठेवली आणि आपल्या तुळयांची टोकं त्याच खोबण्यांत बसवली. ती बसलीही अशी चपखल, की खाली उभ्या असलेल्या ओळंब्यानं ओरडून विचारलं, तो सुतार तुमच्या सासुरवाडीचा होता काय?

ते दिवस बरे गेले, हे सांगायलाच हवं. नदी आटलेली होती. पात्रात खांबांचं एक रान उभं राहिलं, त्यावर लाकडी कमान चढली, तिच्यावर दोन्हीकडून दगड चढत आले. ओळंबा वाकडा पाय पुढे पसरून बसल्या जागेवरून हुकूम सोडायचा. दगड नीट बसला की त्याला कुरवाळायचा आणि नाही बसला तर त्याच्या आईबापांचा उद्धार करायचा. कळीचा दगड त्यानं स्वतः घडवला. तो जागेवर ठोकला तेव्हा म्हातारा रडला आणि वर म्हणाला, चुन्याची पूड डोळ्यात गेली.

आता चुना वाळेपर्यंत थांबायचं. बाईंनी मुदत ठरवून दिली. ती मुदत आली. बाई सकाळीच पुलाखाली हजर झाल्या. टेकूनं चुन्यात नख रुतवलं. नख रुतलं नाही. तरी तो म्हणाला, आत ओल असेल, अजून काही दिवस राहू द्या.

बाई शहाण्या होत्या आणि सभ्यही होत्या. नदीत इतकं लाकूड उभं ठेवणं बरं नाही, पाणी कधी सांगून येत नसतं, असं त्या म्हणाल्या. पण समोर जन्मभर हेच काम केलेला म्हातारा, आणि ह्याचा मुलगा कसा गेला तेही त्यांच्या कानावर आलेलं. त्यांनी मान डोलावली. पुढच्या वेळीही डोलावली.

त्याच सुमारास एकदा जेवताना सून ताटात बोट फिरवत बसली होती. ती फारशी बोलणारी नव्हे. घरातली तीनचतुर्थांश बोलणी ती भांड्यांच्या आवाजानं करायची. त्या दिवशी भांडी गप्प होती.

"त्या दिवशी खाली कोण उभं राहणार, मामंजी?"

"मीच. दुसरं कोण आहे?"

"आणि वर बाबा बसणार."

टेकूनं पुढ्यातली भाकरी मोडायला घेतली.

"म्हणजे तुम्ही दोघं," ती म्हणाली, "आणि मी काठावर. मागच्यासारखीच."

झालं. त्या दिवसानंतर टेकूला चुना कधी वाळलेला दिसेचना. दुपारी जाऊन बघायचा, दगडाला गाल लावायचा आणि परत यायचा. एकदा घण घेऊन पहिल्या पाचरीपर्यंत पोचला. पाचरीवर हात ठेवला, आणि त्याला मुलाचं हसू दिसलं, खाली जाऊन उभं राहताना केलेलं. घण खाली ठेवून तो तिथंच गुडघ्यांत डोकं घालून बसला. बाईंना सांगितलं, अजून नाही.

ओळंबा इकडे उतावीळ झाला होता. पोरगं लग्नाला आलं तरी पाळण्यातच ठेवणार का, असं विचारायचा. लाकडावर टेकलेली कमान ही कमान नव्हे, ती नुसती लाकडावर ठेवलेली दगडं, असं सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायचा. शेवटी तर एकदा चिडून म्हणाला की व्याहीबुवांचा माझ्या दगडांवर भरवसा नाही. टेकूला ते लागलं. भरवसा माझा माझ्यावर नाही, हे शब्द त्याच्या तोंडापर्यंत आले आणि दातांशी अडकले.

आभाळ निरभ्र होतं. ढगाचा एक पुंजका नाही. वर डोंगरात मात्र अवेळी आभाळ फाटलं होतं, आणि ते गावात कुणाला माहीत नव्हतं. सकाळी नदीला गढूळ रंग आला. न्याहारीच्या वेळी पाणी खांबांच्या पायाशी आलं. मग एक झाड आलं, मुळांसकट. पुलाच्या बाकीच्या कमानींखालून ते सहज गेलं असतं. ते नेमकं मधल्या कमानीखालच्या लाकडांच्या रानात शिरलं आणि अडकलं. त्याच्या मागून दुसरं आलं. मग कुंपणं, छपरं, गवताच्या गंज्या. बघता बघता त्या एका कमानीखाली बांध तयार झाला. वाट अडल्यावर नदीचं सगळं पाणी शेजारच्या कमानींखाली घुसलं आणि दोन कमानींमधला तो जुना खांब, ज्याला शतकानुशतकं नदीनं कधी बोट लावलं नव्हतं, त्याच्या बुडाची माती ओढून न्यायला लागलं.

टेकू घण घेऊन पळत आला. वयाच्या मानानं पळत. पाचरी काढल्या की लाकूड सुटेल, वाहून जाईल, नदीला वाट मिळेल. तो कमरेइतक्या पाण्यात उतरून तुळयांवर चढला आणि पहिल्या पाचरीवर घण घातला. पाचर हलली नाही. इतके दिवस नदीवर उभं राहून लाकूड फुगलं होतं. जी पाचर ठरल्या दिवशी दोन टोल्यांत ढिली झाली असती, ती आता दगडासारखी झाली होती. तो मारत राहिला.

पलीकडच्या काठावरून ओळंब्यानं ते पाहिलं. त्याला कुणी अडवायच्या आत तो पुलावर चढला, वाकडा पाय ओढत मधल्या कमानीपर्यंत आला आणि रीतीप्रमाणे कळीच्या दगडावर जाऊन बसला. खाली सुताराचा माणूस उभा आहे म्हटल्यावर वर गवंड्याचा माणूस हवा.

आणि सून काठावर होती. तिनं हाक मारली नाही, ती रडली नाही. ज्या एका गोष्टीच्या भीतीनं तिनं जेवताना तोंड उघडलं होतं, ती गोष्ट तिच्यासमोर घडत होती, आणि तीही पुराच्या पाण्यात.

बाईंच्या माणसांनी टेकूच्या कमरेला दोर टाकून त्याला अक्षरशः ओढून काढला. तो बाहेर आलेला दिसल्यावरच ओळंबा उठला आणि आपल्या काठाकडे निघाला. तो काठाला लागला असेल नसेल, तोच मोठा आवाज झाला. लाकडी खांब मोडले, लाकडी कमान तिरपी झाली आणि सगळा सांगाडा झाडांसकट, गंज्यांसकट खालच्या अंगाला वाहून गेला.

कमान उभी राहिली.

खाली काही नाही, नुसतं लाल पाणी, आणि वर नवी कोरी दगडी कमान, ताणलेल्या धनुष्यासारखी. तिनं हुंकारसुद्धा दिला म्हणतात. पलीकडे ओळंबा दोन्ही हात वर करून वाकड्या पायावर नाचत होता. एक कप चहा पिऊन व्हावा इतका वेळ ती उभी होती. टेकूनं ती डोळे भरून पाहिली. कुठं चीर नाही, कुठं दगड सरकलेला नाही. तिला त्याची गरजच नव्हती. कित्येक दिवसांपासून नव्हती.

मग बूड पोखरलेला तो जुना खांब एका अंगाला बसला. कमानीच्या माथ्यावर फट दिसली, फटीतून आभाळ दिसलं आणि कमान पडली. ती पडल्यावर शेजारच्या कमानीला टेकायला खांदा उरला नाही, तीही पडली. मग तिच्या शेजारची. एकेक करून, घाई न करता, थोरला पूल दोन्ही काठांपर्यंत खाली बसत गेला. जे हत्तींनी मोडलं नाही, तोफांनी मोडलं नाही, ते टेकूच्या टेकूंनी मोडलं.

चौकशी झाली. अचानक आलेला पूर, एवढंच कारण ठरलं. टेकू बाईंच्या कचेरीत जाऊन म्हणाला, लाकूड माझं होतं, मी वेळेवर काढलं असतं तर पाणी अडलं नसतं. बाई म्हणाल्या, मुदत वाढवायला परवानगी माझी होती. नंतर त्यांनी कुणाला तरी सांगून त्याच्यासाठी पाणी मागवलं आणि ते तो न पिताच उठला.

ओळंब्यानं अंथरूण धरलं होतं. पुराचे उडते फवारे अंगावर घेत वर बसल्याचा ताप छातीत उतरला होता. सून नावेतून बापाकडे गेली. पाठोपाठ टेकूही गेला. चित्रांच्या भिंतीखाली म्हातारा उशीला टेकून बसला होता, आणि आश्चर्य म्हणजे खुशीत होता. येईल त्याला तेच सांगत होता.

"उभी राहिली होती, व्याहीबुवा. बघितलीत ना? भर पुरात, खाली काडी नसताना."

टेकू म्हणाला, बघितली.

"म्हणजे दगड माझा बरोबर होता. म्हणजे तेव्हाही..."

आणि तो थांबला. तो आनंदात बोलत होता हो. इतकी वर्षं छातीवर असलेला धोंडा बाजूला झाला, एवढंच त्याला म्हणायचं होतं. धोंडा बाजूला होऊन कुणावर पडतो, हे वाक्य अर्ध्यावर आल्यावर त्याला दिसलं. त्यानं टेकूचा हात धरला आणि भलतंच काहीतरी, नावेच्या भाड्याबद्दल वगैरे बोलायला लागला. पण दारात चहाचे कप घेऊन त्याची मुलगी उभी होती. तिनं कप खाली ठेवले, एक सासऱ्यापुढे आणि एक बापापुढे. आणि नेहमी ती ठेवायची तसा आवाजच झाला नाही.

टेकू नावेतून एकटाच परत आला. एकदा लवकर आणि एकदा उशिरा. सगळ्या आयुष्यात वेळ ओळखायचं एकच काम त्याच्याकडे होतं.

थोड्याच दिवसांत खात्यानं तात्पुरता लोखंडी पूल आणला. तो सुट्या भागांत आला, काठावरच जोडला गेला आणि चाकांवरून हळूहळू पुढे ढकलला गेला. गाव बघायला लोटला होता. पुलाचं पुढचं टोक नदीवर आलं, आणखी पुढे आलं, निम्म्या पात्रावर आलं, आणि खाली काही नव्हतं. ना खांब, ना लाकूड, ना माणूस. मागचा भाग जड ठेवून पुढचा नुसता हवेत तोलून धरला होता. पोरंटोरं टाळ्या वाजवत होती. टेकू सवयीनं खाली वाकून बघत होता. मुकादमानं त्याला दंडाला धरून बाजूला केलं. "आजोबा, खाली काय बघता? ह्याला खाली काही लागत नाही."

पूल सुरू झाला त्या सकाळी सून आली. बापाचा ताप उतरला होता, पण आता त्याच्यानं उठवत नव्हतं. ती भांडली नाही, रागावली नाही. घर झाडून काढलं, पाणी भरलं, त्याच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण लावलं. मग आपली ट्रंक ओढून दाराशी आणली आणि म्हणाली, बाबांना कोण आहे?

ट्रंकेची एक कडी तिनं धरली, दुसरी टेकूनं. दोघं नदीपर्यंत चालत गेली. वाटेत तिनं सांगितलं की दूधवाल्याला सांगून ठेवलंय, आणि थंडीच्या गोधड्या वरच्या फळीवर आहेत. टेकू हं हं करत होता. पुलाशी आल्यावर तिनं पाऊल टाकलं. लोखंडी फळी तिच्या पायाखाली किंचित दबली आणि वर आली.

टेकू काठावरच थांबला. त्याचा पायच पुढे होईना.

"या ना, मामंजी," ती म्हणाली. "काही होत नाही. सगळे जातायत."

"तू हो पुढं," टेकू म्हणाला.

तिनं एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग ट्रंकेची दुसरी कडी त्याच्या हातातून सोडवून घेतली, ट्रंक कमरेवर घेतली आणि निघाली. मागून येणाऱ्या सायकलवाल्यानं घंटी वाजवली, तसा टेकू बाजूला झाला.